तेता रॉनीच्या कानातली इम्पाला

“वासिल, त्या अंड्यांच्या खोक्यांना हात लावू नकोस हं. त्यात माझे बोल्ट आहेत.”

“खोकी माझी, अंडी माझी, आणि बोल्ट तेवढे तुझे?”

“तळघर निम्मं माझं आहे.”

“मग निम्म्यात ठेव ना! टेबलावर इंजिनाचं हेड, सिंकमध्ये पाइप. पिरोहीची पोळी लाटू कुठे मी? माझ्या छातीवर?”

“लाट. सपाटच आहे.”

हे सगळं माझ्या पायाखाली चालायचं. अगदी खरोखरच पायाखाली. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, नऊ वर्षं झाली, आणि या घराच्या जमिनी अशा पातळ आहेत की खाली कुणी मीठ मागितलं की वर माझा हात पुढे होतो. जॉन्सटाउनच्या या टेकडीवर बहुतेक घरांना दोन स्वयंपाकघरं. वरचं पुसून ठेवायचं, तळघरातलं वापरायचं. तळघरात वासिलचं राज्य. तो निवृत्त झाल्यापासून तिथे फक्त कोबी, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, म्हणजे पिरोही, आणि त्याची कुरकुर शिजते. पण गेल्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या राज्यावर त्याच्या बायकोने, रॉनीने, चाल केली होती. तिने आपल्या इम्पाला गाडीचं इंजिन उघडलं होतं.

वेरोनिका दुबयाक. सगळी गल्ली तिला तेता रॉनी म्हणते. तेता म्हणजे मावशी, आत्या, काकू, ज्याला जे हवं ते. वय बहात्तर. बुटकी, रुंद खांद्यांची, पांढरे केस स्वतःच्याच हाताने कात्रीने कापलेले, आणि हातांच्या रेघांमध्ये असं काळं की ते आता साबणाने जायचं नाही, तिच्याबरोबरच जाईल. रविवारी चर्चला जाताना ती लिपस्टिक लावते. आरशात न बघता, एका फटक्यात, जसं बेअरिंगला ग्रीस लावावं तसं.

बत्तीस वर्षं ती शाळेच्या बसगाड्यांच्या आगारात होती. लागली ती झाडू मारायला. पोलादाचा कारखाना माणसं कमी करत होता, वासिल घरी बसला होता, मिळेल ते काम घेतलं. सहा महिन्यांनी एका सकाळी झाडू टेकवून उभी असताना तिने मुख्य मेकॅनिकला सांगितलं, “ती नऊ नंबरची बस पाणी फेकणार आहे. पंपात खरखर आहे.” तो हसला. नऊ नंबरने दुपारी चाळीस पोरांसकट टेकडीच्या मध्यावर पाणी फेकलं. दुसऱ्या दिवशी झाडू दुसऱ्या कुणाच्या हातात होता.

पुढे ती स्वतः मुख्य झाली तेव्हाचं दृश्य मी पाहिलेलं नाही, पण ते सांगणारे इतके आहेत की पाहिल्यासारखंच आहे. सकाळी सव्वासहा. फाटकाशी तेता रॉनी, हातात कॉफीचा कप, पाठ रस्त्याकडे. गाड्या मागून एकेक बाहेर पडताहेत. ती वळूनही बघत नाही.

“सतरा, परत आत.”

“अगं रॉनी, उशीर झालाय मला!”

“मागचं डावं चाक बोलतंय. आत.”

लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही तिची पद्धत. डॉक्टर नळी लावतो तसं. ग्लेन स्ट्रेयर, जो पंचवीस वर्षं तिच्या हाताखाली होता आणि आता खालच्या रस्त्यावर स्वतःचं गॅरेज चालवतो, तो अजून सांगतो, “बॉसने पेचकस लावला की आम्ही सगळे श्वास धरायचो. आमच्या फुप्फुसात काही सापडलं तर काय घ्या!”

इम्पाला तिने शहाण्णव साली घेतली, नवी कोरी. पिकलेल्या जांभळाचा रंग. बाहेरून पाहाल तर घरंदाज, चार दारांची, मागे तिघं ऐसपैस बसतील, डिकीत एक अख्खं लग्नाचं जेवण मावेल. आत मात्र शर्यतीच्या गाडीचं आठ नळकांड्यांचं इंजिन. शोरूममधला माणूस म्हणाला होता, “मिस्टरांना घेऊन या, म्हणजे चालवून बघता येईल.” तेता म्हणाली, “मिस्टर तुमच्या मागे उभे आहेत. ते फक्त तुमचे फुकटचे डोनट खायला आलेत.” आणि तिने बॉनेट उघडलं.

तेव्हापासून त्या गाडीला परका हात लागलेला नाही. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर पहिलं मीठ पडलं की गाडी आत, आणि वसंतात दोन चांगल्या पावसांनी रस्ते धुऊन निघाल्याशिवाय बाहेर नाही. मिठाने इथल्या गाड्या खालून सडतात, पण तेताच्या गाडीखाली तुम्ही पाठीवर झोपून जेवू शकता. दर ऑक्टोबरात ती खाली लोकरीचं तेल फवारते, आणि आठवडाभर आमच्या गल्लीला भिजलेल्या मेंढीचा वास येतो. कुणी तक्रार करत नाही. वास आला की लोक आपापले जाड कोट काढतात. काचेचं बटण, दाराचं रबर, असल्या गोष्टी आता कुणी बनवत नाही. त्यासाठी ती भंगारात निघालेल्या, याच सांगाड्याच्या पोलिसांच्या जुन्या गाड्या शोधत दोन-दोन परगणे पालथे घालते. एकदा नुसत्या आरशाच्या काचेसाठी ओहायोला जाऊन आली. परत आली तर तीन काचा. म्हणाली, “बाकीच्या दोन माझ्या नंतरच्या माणसाला.”

हा जो नंतरचा माणूस, त्याच्याबद्दल तिचा एक नियम होता. ती आगारात लागली तेव्हाचा मुख्य मेकॅनिक स्टॅश, म्हातारपणी बहिरा झाला होता आणि कबूल करत नव्हता. एकदा त्याने चांगली म्हणून सोडलेल्या बसचं चाक फाटकातच निखळलं. आत पोरं नव्हती. पण त्या दिवशी सगळ्यांदेखत स्टॅशच्या हातातला पाना काढून घेतला गेला, आणि तो घेणारी रॉनी होती. त्या संध्याकाळी तिने वासिलला सांगितलं होतं: माझ्या हातातून कुणाला पाना काढून घ्यावा लागणार नाही. ज्या दिवशी माझ्या गाडीचं दुखणं मला ऐकू येणार नाही, त्या दिवशी चावी मी आपणहून दुसऱ्याला देईन.

आणि मग मे महिन्यात तिच्या कानात ऐकण्याची यंत्रं आली.

ती आणली वासिलने. म्हणजे त्याने तिला फरफटत नेलं. दहा वर्षं तो घरात ओरडूनच बोलत होता. फोनवर सुद्धा ओरडायचा, सवयीने. तेता त्या यंत्रांना ढेकूण म्हणते. पहिल्या सकाळी ढेकूण कानात घालून ती नाश्त्याला बसली, आणि मी त्याच वेळी भाड्याचा चेक द्यायला खाली गेले होते.

“हा कसला आवाज?” तेता म्हणाली.

“कसला?” वासिल.

“चप चप चप.”

“मी खातोय.”

“तू असा खातोस?”

“पन्नास वर्षं.”

तिने फ्रिजचा आवाज ऐकला. माझ्या सपातांचा ऐकला. “तू वर अशी घासत चालतेस होय!” असं मला म्हणाली, आणि मी ओशाळले. मग तिने चावी उचलली आणि लग्नाला निघाल्यासारखी गॅरेजकडे गेली. इंजिन सुरू झालेलं आम्ही ऐकलं. एक मिनिट. दोन मिनिटं. बंद झालं. पुन्हा सुरू. पुन्हा बंद.

दारात आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

“ती टिकटिक करतेय,” तेता म्हणाली. “वासिल, ती सगळीकडून टिकटिक करतेय. आणि मागून बारीक रडतेय. मला कधी ऐकूच आलं नाही.”

ग्लेनला बोलावणं गेलं. तो आला, बॉनेटमध्ये डोकं घातलं, तोंड वाकडं केलं.

“मला काही ऐकू येत नाही, बॉस.”

“तुला काय ऐकू येणार? तूही माझ्याच आगारात कान फोडून घेतलेस. मी तुला आत्ता काय म्हणाले?”

“काय म्हणालात?”

“बघ!”

“इंजेक्टरचा असेल, बॉस. पेट्रोल फवारताना ते टिकटिकतातच.”

“अठ्ठावीस वर्षं इंजेक्टर गप्प होते आणि मे महिन्यात त्यांना कंठ फुटला?”

वासिलने आपला ट्रक सुरू करून दाखवला, “हा बघ, हाही टिकटिकतो,” तर तेता म्हणाली, “ते तर आहेच खटारं.” तिचं मन एकाच जागी अडकलं होतं. टिकटिक नवी नाही, आपल्या कानाला नवी आहे, इतपत तिला पटलं होतं. पण त्यातून तिने काढलं ते असं: म्हणजे गाडी कित्येक वर्षं आजारी आहे आणि मी बहिरी ठोंबी तिला पळवत राहिले. मी स्टॅश झाले.

जूनभर ती त्या इंजिनाच्या मागे लागली. तेल बदललं, झडपा हलवणारे टॅपेट तपासले, वरचं सगळं उतरवलं, शेवटी नळकांड्यांवरची दोन्ही हेड काढली. त्यातलं एक वासिलच्या टेबलावर आलं. प्रत्येक बोल्ट अंड्यांच्या खोक्यात आपापल्या खळग्यात, खळग्यावर पेन्सिलीने नंबर. सगळं स्वच्छ. कुठे झीज नाही. ग्लेनने नळकांड्यात बॅटरी मारली आणि ओरडलाच.

“बॉस! कारखान्यात मारलेल्या तिरक्या रेघा अजून दिसताहेत! दीड लाख मैलांनंतर! असं इंजिन मी जन्मात पाहिलं नाही. हे म्हणजे साठीच्या माणसाचे दुधाचे दात!”

दुसरं कुणी असतं तर नाचलं असतं. तेता स्टुलावर बसली.

“म्हणजे वर काही नाही,” ती म्हणाली. “म्हणजे दुखणं खाली आहे. क्रँकच्या बेअरिंगात.”

“किंवा दुखणंच नाही.”

“तू मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस, ग्लेन. मीही स्टॅशशी असंच बोलायचे.”

खाली हात घालायचा म्हणजे अख्खं इंजिन उचलून बाहेर काढायचं. ते तिने केलं नाही. दमली म्हणून नव्हे. तिने फोन उचलला आणि ऑल्टूनाच्या ड्वेन यिंगलिंगला लावला. हा ड्वेन आठ वर्षं गाड्यांच्या मेळाव्यांत तिच्या मागे होता: कधी विकलीत तर मला विका. दुसरं इंजिन बसवून तो ती गाडी चालवणार होता. ठरलं. वीस जुलैला एलियाचा सण, त्या वर्षी रविवार नव्हता, म्हणून गाड्यांचा आशीर्वाद एकवीसला, रविवारी. सोमवारी सकाळी ड्वेन ट्रेलर घेऊन येणार.

“सणाआधी का नाही?” मी तेताला विचारलं.

“सणाच्या दिवशी दारात रिकामं गॅरेज नको,” ती म्हणाली आणि हात पुसत निघून गेली.

आमच्या चर्चमध्ये एलियाचा सण म्हणजे गाड्यांचा सण. अग्नीच्या रथातून स्वर्गात गेलेला प्रेषित. रथावरून मोटारीवर यायला आमच्या लोकांना कितीसा वेळ लागणार? पूजा आटोपली की सगळ्या गाड्या चर्चला वळसा घालून रांगेत उभ्या राहतात आणि फादर नेस्टर पाणी शिंपडत येतात. आमच्याकडे मात्र बॉनेट उघडी असतात आणि इंजिनं चालू. हा तेताचा कायदा. वीस वर्षांपूर्वी तिने आधीच्या फादरना विचारलं होतं, “पत्र्यावर काय शिंपडता? दुखणं आत असतं.” आणि इंजिनं बंद का करायची नाहीत, तर “निम्म्या पुन्हा सुरू होणार नाहीत म्हणून.” तेव्हापासून रीत पडली: फादरच्या पुढे दहा पावलं तेता चालते, प्रत्येक गाडीपाशी थांबते, ऐकते आणि निदान सांगते. मागून पाणी येतं. लोक म्हणतात, एकाच फेरीत तपासणीही होते आणि औषधही.

त्या रविवारी इम्पाला नव्हती. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. तेता लिपस्टिक लावून आली होती आणि पायरीवर उभी राहून म्हणत होती, यंदा मी नाही फिरत.

“का हो?” फादर नेस्टर म्हणाले. “लोक माझ्यासाठी थोडेच येतात? त्यांना तुमच्याकडून बेल्टचं विचारायचं असतं.”

“फादर, मी बहिरी आहे.”

“मग आज ढेकूण घालून फिरा. मी प्रवचन कानांनी थोडंच देतो.”

यात काय तर्क होता देव जाणे, पण ती निघाली.

पहिली गाडी श्रीमती होलोव्हकांची जुनी स्टेशन वॅगन. तेता वाकली. तिने मान हलवली.

“टॅपेट गेलेत, मेरी. टिकटिक ऐक.”

“अरे देवा! गेल्या वर्षी तर उत्तम म्हणालीस!”

“गेल्या वर्षी मी बहिरी होते.”

दुसरी गाडी. “तुझेही गेलेत.” तिसरी. तेता जरा जास्त वेळ वाकली. “हिचेही.” चौथ्या गाडीच्या मालकाने आधीच टोपी काढून हातात धरली होती, दवाखान्यात धरतात तशी. “माझं काय?”

“तुझंही तेच,” तेता म्हणाली, पण आता तिचा आवाज उतरला होता.

मागे रांगेत कुजबुज सुरू झाली. “अगं, सगळ्यांचंच इंजिन गेलंय म्हणे.” “साथ आलीय की काय?” “पेट्रोलमध्ये भेसळ असणार, मी म्हणतच होतो.” वासिल चर्चच्या बायकांबरोबर पिरोहीच्या टेबलामागे उभा होता, तिथून त्याने ओरडून विचारलं, “रॉनी, कुणी जगणार आहे का त्यातलं?”

पाचवी गाडी तरुण बोरिस आणि केटची. तीन महिन्यांची. आतल्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं. बॉनेट कसं उघडायचं हेही बोरिसला माहीत नव्हतं, ते तेताने उघडलं. वाकली. आणि तशीच राहिली.

इतका वेळ राहिली की फादर नेस्टर येऊन तिला धडकले.

“किती चाललीय ही?” तिने बोरिसला विचारलं.

“नऊशे मैल, तेता. का? काय झालंय?”

तिने उत्तर दिलं नाही. उजव्या कानातला ढेकूण काढला. डावाही काढला. ऐकलं. पुन्हा घातले. ऐकलं. मग मागे वळून मेरी होलोव्हकाच्या गाडीपाशी गेली, तिथून परत आली, मग रांगेच्या शेवटापर्यंत चालत गेली, प्रत्येक उघड्या बॉनेटमध्ये डोकावत, काढत, घालत. रविवारचे कपडे घातलेली सगळी माणसं आपापल्या गाडीशी उभी राहून तिच्याकडे बघत होती, आणि सत्तावीस इंजिनं टिकटिकत होती. नवी, जुनी, महाग, खटारी, सगळी. अगदी तिच्या इम्पालासारखीच.

ती आली आणि चर्चच्या पायरीवर धपकन बसली.

“फादर,” ती म्हणाली, “मी एका धडधाकट जिवाचं पोट फाडलंय.”

ग्लेन धावत आला. “काय झालं, बॉस?”

“इंजेक्टर,” तेता म्हणाली.

“काय?”

“इंजेक्टर!” ती किंचाळली. “टिकटिकतात ते! तू म्हणाला होतास! माझ्या कानांनी वरच्या पट्टीतलं कधी ऐकलंच नव्हतं, शहाण्णव सालीसुद्धा नाही! आगाराने आधीच खाल्लं होतं सगळं! माझी गाडी काय बोलते हे मला आजवर अर्धंच माहीत होतं!”

मला वाटलं ती रडेल. तिने तोंडावर हात घेतला, खांदे हलायला लागले, आणि मग कळलं की ती हसतेय. मग पायरीपासून टेबलापर्यंत सगळेच हसले. फक्त मेरी होलोव्हका म्हणत राहिली, “म्हणजे माझे टॅपेट गेलेत की नाहीत?”

हसणं ओसरलं तशी तेता उठली. तिने सगळ्यांच्या समोर, आवाज न चढवता सांगितलं, की ती दहा-पंधरा वर्षं ऐकू येत नसताना ऐकू येतंय असं दाखवत होती. गेली कित्येक वर्षं या रांगेत तिने जी निदानं सांगितली ती हात ठेवून, वास घेऊन आणि धूर बघून. “फसवलं मी तुम्हाला,” ती म्हणाली.

“पण दरवेळी बरोबर होतीस की,” मेरी म्हणाली.

स्टॅशचं नाव कुणी काढलं नाही. पण तेता त्याच्याच जागी उभी होती आणि तिच्या हातून कुणी काही काढून घेत नव्हतं. मला वाटतं, तिला हे उमगायला तेवढा एक क्षण लागला.

सोमवारी साडेनऊला ड्वेन यिंगलिंग ट्रेलर घेऊन हजर. उंच, शेंड्याला टक्कल, चाळीस मैल आलेला. तेता गॅरेजच्या दारात आडवी.

“गाडी विकायची नाही.”

“अहो बाई, तुम्हीच फोन केलात!”

“केला. चूक झाली. माझी.”

“ट्रेलर भाड्याने आणलाय मी! सुट्टी घेतलीय!”

“ट्रेलरचं मी देते. सुट्टीचं वासिल बघेल. वासिल, याला खायला दे.”

ड्वेन चिडला होता, आणि त्याचं बरोबरच होतं. आठ वर्षं थांबलेला माणूस. तो म्हणाला, निदान इंजिन तरी बघू द्या, काय गेलंय ते. तेता बाजूला झाली. त्याने वाकून नळकांड्यात पाहिलं, बराच वेळ, एकेक करून आठही. मग सरळ झाला, डोक्यावरून हात फिरवला.

“हे इंजिन काढून मी दुसरं घालणार होतो,” तो म्हणाला, जणू स्वतःलाच.

“हो.”

“मी मूर्ख ठरलो असतो.”

“माझ्यानंतरच. पहिला नंबर माझा.”

वासिलने त्याला कोबीच्या पानात गुंडाळलेले गोळे वाढले, दोनदा. जेवून उठताना तो बाही वर सारून म्हणाला, “हेड बसवताना दुसऱ्या बाजूने धरायला माणूस लागेल. जड असतं.” तेताने त्याच्याकडे बघितलं आणि एक पाना त्याच्या हातात दिला. त्या दिवशी दोघं इंजिन साफ करत राहिली आणि ऑल्टूनाचा ट्रेलर संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत रिकामा उभा होता.

हेडखाली घालायची नवी पॅकिंग यायला दोन आठवडे लागले. बोल्ट खोक्यांतून नंबराप्रमाणे परत गेले, प्रत्येक ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या जोराने आवळलेला. ऑगस्टच्या एका सकाळी इंजिन सुरू झालं. एका फटक्यात. वासिलने छातीवर क्रूसाची खूण केली, ग्लेनने टाळ्या वाजवल्या, आणि तेता म्हणाली, “गप्प. शिकायचंय मला.”

मग जे झालं ते मी तिथल्या उलट्या बादलीवर बसून पाहिलं. ग्लेन इंजेक्टरची एकेक तार काढायचा. तेता डोळे मिटून उभी, ढेकूण कानात.

“आता?”

“एक गेला. पुढचा डावा.”

“बरोबर. आता?”

“थांब... नाही कळलं. पुन्हा.”

बहात्तराव्या वर्षी ती पहिल्या दिवसाच्या उमेदवारासारखी चुकत होती, आणि चुकली की तिला राग येत नव्हता. पुन्हा म्हणायची. टाकीतल्या पंपाचं ते बारीक रडणं, बेल्टची सळसळ, पंख्याचा श्वास: ग्लेनने एकेक बंद करून दाखवलं, तिने एकेक ओळखीचं करून घेतलं. अकरा वाजेपर्यंत आठही इंजेक्टर तिला ओळखता येऊ लागले होते. “सहावा जरा बोबडा आहे,” ती म्हणाली. ग्लेनला फरक ऐकू येत नव्हता. त्याने पुढच्याच आठवड्यात कान तपासायची वेळ घेतली.

मग तिने गाडी बाहेर काढली. वासिल शेजारी, मी मागे, खिडक्या बंद. टेकडी उतरून आम्ही नदीच्या कडेने लॉरेल हिलच्या चढाला लागलो. जांभळ्या बॉनेटवर झाडांच्या सावल्या पळत होत्या. तेता खुशीत होती, पण गाडीकडे नाही, दुसऱ्याच कशाकडे तरी तिचा कान होता. कपाळाला आठी पडली.

“काय म्हणालास, वासिल?”

“मी? काही नाही.”

वळण आलं. आणि आता मलाही ऐकू आलं. वासिल खिडकीकडे तोंड करून, ओठ न हलवता पुटपुटत होता: “हळू, बाई, हळू... देवाची आई, वळण आहे... पुढे ट्रक आहे, हिला दिसतोय का ट्रक... गेलो, गेलो, गेलो...”

“वासिल.”

तो थांबला.

“हे कधीपासून चाललंय?”

“काय?”

“हेच.”

“शहाण्णवपासून,” तो म्हणाला.

तेताने आरशातून माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे असे चमकत होते की मी पट्टा ओढून घट्ट केला.

“रॉनी,” वासिल म्हणाला, “गाडी चालवताना ते ढेकूण काढून ठेवत जा ना.”

“का?”

“मला मोकळेपणी घाबरता येत नाही.”

तिने काढले नाहीत. ट्रक मागे पडला, पुढे माथ्यापर्यंत रस्ता सरळ होता, आणि तेता रॉनीने पाय दाबला.